करंजाखालची माती

आमचा घट बसतो शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत, पण त्याची माती आमच्या गावाहून, केमहून येते. तिथे ओढ्याकाठी आमचा एक झाडोरा होता. हिवर, बोरी, बाभळी आणि मधोमध जुना करंज. वडिलांची राख त्यांच्याच इच्छेने त्या करंजाच्या बुडाशी पुरली. तेव्हापासून घटाला माती तिथलीच, आणि आईचं एकच सांगणं, "माजी बी तितंच ठिव."

पाच वर्षांपूर्वी मी जेसीबी लावून तो झाडोरा साफ केला आणि नीलगिरी लावली. राखण नको, पाणी नको, माझ्यासारख्या आळशी नोकरदाराला आणखी काय हवं! गुडघ्यांमुळे आईचं गावाला जाणं बंद झालं होतं, म्हणून तिला सांगितलंच नाही. दर नवरात्रात कुणाच्या तरी बांधावरची माती आणून खपवत राहिलो. यंदा मात्र मन खायला लागलं. वाटलं, वरची झाडं बदलली, खालची माती तर तीच आहे. निदान ती तरी खरी न्यावी.

भर दुपारी आत शिरलो. सरळ रांगा, एकसारखी खोडं, पाखराचा आवाज नाही. आठवडाभर पाऊस झाला होता, तरी पायाखाली पाला कुरकुरत होता. खालचे जुने थरही कुजले नव्हते. अंदाजाने करंजाची जागा धरली आणि बसून भाकरी खाल्ली. चुरा सांडला. पूर्वी इथे मुंग्या घास तोंडात जाऊ देत नसत. अर्धा तास बसलो, एक मुंगी आली नाही. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू. पिशवी भरली आणि मागे न बघता स्टेशन गाठलं.

आईने पत्रावळीवर माती पसरली, गहू पेरले, मध्ये घट ठेवला आणि पाणी शिंपडलं. ते आत गेलंच नाही. थेंब गोळ्या होऊन मातीवरून घरंगळत राहिले.

"पाणी पीत न्हाय की रं ही," आई म्हणाली.

"मुरेल हळूहळू," मी म्हटलं.

मुरलं नाही. रोज सकाळी ती पाणी घाली, रोज ते कडेने फरशीवर उतरे, आणि खोलीत सर्दीच्या बामासारखा वास सुटे. दसऱ्याला टोपीत खोवायला कोंब नव्हते. आईने माती उकरली. नऊ दिवस पाणी घातलेले गहू कोरडे निघाले, पेरले तसेच. बोटांना लागलेली माती तिने नाकाशी नेली.

"कुटली हाय ही?"

"करंजाखालची." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खरं बोलत होतो.

"करंज हाय का तितं?"

मी नाही म्हणालो.

 तिने पदराला हात पुसले.

"मंजी तुज्या बापाला पाणी पोचत न्हाय," ती म्हणाली. "मला तितं ठिवू नगंस."