आत्याचे फोटो

आत्या वारली. तेराव्यानंतर तिची पत्र्याची पेटी मी उघडली. वर साड्या, खाली बिस्किटांच्या डब्यांत फिल्मच्या पट्ट्या. ती धुळ्याला काकांकडे राहायची, शाळेत शिवण शिकवायची. लग्न केलं नव्हतं. ती फोटो काढायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते फोटो मात्र कुणी पाहायला मागितले नव्हते.

डबे घेऊन मी जळगावच्या ओळखीच्या स्टुडिओत गेले. तिथल्या चाचांनी पट्ट्या संगणकावर चढवल्या आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बेटा, हे कुणी काढलेत?"

दाळमिलच्या दारात जेवणाचे डबे सोडून बसलेल्या बायका. रिक्षाच्या आरशात पाहून पदर सारखा करणारी म्हातारी. धुळ्याच्या स्टँडवर ट्रंकेवर डोकं टेकून झोपलेली नवी नवरी. कुणीच कॅमेऱ्यासाठी हसत नव्हतं.

चाचांच्या खटपटीने जळगावात प्रदर्शन भरलं. दाळमिलमधली एक कामगार बाई एका फोटोसमोरून हलेचना. "ही मन्ही माय शे," एवढंच म्हणाली. तिच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता.

आणि त्याच हॉलमध्ये आयोजकांनी काकांना शाल-श्रीफळ दिलं. काका माइकवर म्हणाले, "बहिणीला घरातून पूर्ण पाठिंबा होता."

मी उभी राहिले. "काका, कॅमेरा तुम्ही तिच्याकडून काढून घेतला. बाईमाणसाने रस्त्यावर परक्यांचे फोटो काढत हिंडू नये म्हणालात आणि तो तुमच्या मेहुण्याला देऊन टाकलात. मी दहावीत होते. तिथेच होते."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

आयोजक लगबगीने आले. "ताई, आपण नंतर बोलू."

"नंतर कधी? ती तर गेली."

बाबांनी मान खाली घालूनच माझा हात ओढला. कॅमेरा गेला त्या दिवशीही ते असेच खाली मान घालून जेवत होते, आणि आत्या त्यांना वाढत होती. मी हात सोडवून घेतला, भिंतीवरचा तो फोटो काढला आणि त्या बाईच्या हातात दिला. आयोजक काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही.

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. पाहुण्यांना मात्र सांगतात, आमच्या घराण्यातच कला आहे. ते कानावर आलं की अजून माझं डोकं तडकतं. कॅमेरा गेल्यावरही आत्या पुष्कळ वर्षं जगली, रोज त्याच रस्त्याने शाळेत गेली. त्या वर्षांतला एकही फोटो नाही.