हात आपोआप तेच करतात

तिशी ओलांडून एका मुलीची आई झाली, तरी घरात ती चिमीच राहिली. फुलांची सजावट शिकायची, असं तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडील हसले होते. "फुलं फुलदाणीत खोचायला शाळा कशाला? पाणी घाल, झालं!"

पण चिमी हट्टाला पेटली. सकाळी एका फुलांच्या दुकानात बादल्या घासायच्या, गुलाबांचे काटे काढायचे आणि दुपारी वर्गात बसायचं. बोटांची चाळण झाली. दुकानवाले काका तोंडाचे फटकळ, पण शिकवताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. देठ तिरका कापायचा, पाण्यात पान बुडू द्यायचं नाही, लिली उमलताच तिचे पुंकेसर खुडायचे. नाहीतर कुणाच्या तरी शर्टावर पिवळा डाग पडतो आणि बोंब आपल्या नावाने होते. शेवटच्या परीक्षेला तिने वाळक्या फांद्यांत एकच लाल फूल असं बसवलं, की वर्गातल्या बाई बराच वेळ त्याच्यासमोरून हलल्या नाहीत.

मग मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. पोरीने नाव काढलं, म्हणाले सगळे. हसणारे वडीलसुद्धा.

पहिल्या दिवशी मॅनेजर तिला तळघरातल्या खोलीत घेऊन गेला. खिडकी नव्हती. ओटा, नळ, फुलांचा फ्रिज आणि भिंतीवर एक फोटो: पांढरी लिली, पांढरे गुलाब, भोवती हिरवी पानं.

"आपल्या सगळ्या हॉटेलांत हेच असतं. फोटोत आहे तसं करायचं. कमी नाही, जास्त नाही."

वर्षं गेली. फोटोकडे न बघता तिचे हात ती फुलदाणी भरू लागले. एकदा न राहवून तिने मध्ये जांभळ्या फुलांची एक काडी खोचली. मॅनेजर पाहून म्हणाला, "छान दिसतंय हो. पण काढा."

नोकरी सोडावी तर नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तरी एक दिवस रजा टाकून ती समारंभांची सजावट करणाऱ्या एका बाईंना भेटायला गेली. त्यांनी तिच्या कामाचे फोटो मागितले. चिमीने मोबाइल पुढे केला. बाई बोट सरकवत राहिल्या.

"हा एकच फोटो सारखा सारखा का येतोय?"

"एकच नाही. वेगवेगळ्या दिवसांचे आहेत."

बाईंनी सभ्यपणाने पुन्हा पाहिलं. "आणि तुमचं स्वतःचं काही?"

चिमी त्या वाळक्या फांद्यांबद्दल बोलायला लागली आणि मध्येच थांबली. त्यांचा फोटो तिने काढलाच नव्हता.

"काहीतरी करा आणि घेऊन या," बाई म्हणाल्या. "माझं दार उघडं आहे."

येताना तिने बाजारातून केशरी, पिवळी, मिळतील ती फुलं उचलली. घरी स्वयंपाकघराचा ओटा फुलांनी भरला तशा सासूबाई वैतागल्या. "इथे पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे जंगल!" चिमीने ऐकलं न ऐकलं केलं. देठ कापले, पानं ओरबाडली, भराभर खोचत गेली.

नवरा आत डोकावला. "वा! अगदी हॉटेलातल्यासारखं झालंय."

तिने मागे सरून पाहिलं. रंग तेवढे निराळे. उंच फुलं मध्ये, गोल घेर, खाली पानांची झालर. सगळं जिथल्या तिथे. तिने फुलं उपसली आणि पुन्हा लावली. पुन्हा तोच घेर. तिसऱ्यांदा नुसतीच वेडीवाकडी लागली. मुलीने विचारलं, "आई, हे पडलं का गं?"

आता सुट्टीच्या दिवशी ती थोडी फुलं आणते. सासूबाई कुरकुरतात, पण ओट्याचा एक कोपरा रिकामा करून देतात. कधी एखादी फांदी मनासारखी वळते, बाकीचं फसतं. सोमवारी ती तळघरात उतरते आणि लिलीचे पुंकेसर खुडायला लागते. त्या बाईंना अजून तिने फोन केलेला नाही.