जाळ्याचं शिसं

नात माझ्या मांडीवरच ताठ झाली. डोळे वर गेले, दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. तीन वर्षांची पोर. सुनेने कांदा फोडून नाकाशी धरला. शेजारीण म्हणाली, "चप्पल हुंगवा." मी म्हटलं, "चप्पल पायात घाल आणि रिक्षा बघ."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, घरात काही वितळवता का?"

"शिसं. जाळ्यासाठी."

पावसाळ्यात मासेमारी बंद. होडी वर ओढलेली, जाळी घरात. जाळं तळाला राहावं म्हणून खालच्या दोराला शिशाचे तुकडे ठोकतात. ते सासऱ्यांपासून आम्ही घरीच ओततो. बाहेर पाऊस, म्हणून मागच्या पडवीत, दार लोटून. यंदा मुलाने मिरजोळ्याच्या भंगारवाल्याकडून काळ्या बॅटऱ्या आणल्या, वीज गेली की कॉम्प्युटर चालवतात त्या. म्हणाला, "आये, परदेशी माल. आता मासे इंग्रजी बोलतील."

सून म्हणाली, "मग बाजारात तुम्हीच बसा त्यांच्याशी बोलायला."

हसलो आम्ही. बॅटऱ्या फोडून आतल्या पत्र्या कढईत वितळवल्या. वर राख यायची, ती सून काढून कोपऱ्यात टाकायची. पोर तिथेच खेळायची. राखेला बोट लावून चाटायची. गोड लागते म्हणे. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, सारखी किरकिर करायची. आम्ही जंताचं औषध दिलं.

दवाखान्यात तपासलं, तर शिसं रक्तात गेलं होतं, मेंदूला सूज होती.

डॉक्टरीणबाईंनी कळवलं म्हणून दुसऱ्या दिवशी प्रदूषणाच्या ऑफिसातले साहेब दवाखान्यातच आले. भंगारवाल्याकडे ते आधी जाऊन आले होते. शाळांना भेट म्हणून बाहेरच्या देशातून कंटेनर आला होता आणि आत सगळं मेलेलं सामान, बंद कॉम्प्युटर आणि या बॅटऱ्या. साहेब म्हणाले, "आजी, असा कचरा ज्यांनी पाठवला त्यांनीच परत न्यायचा, असा देशादेशांत करार आहे. इथल्या कंपन्यांनीही आपला जुना माल परत घ्यायचा, तसा कायदा आहे."

"मग न्या की."

"अख्खा आहे तो पाठवू. तुम्ही फोडलेल्यावर कुणाचं नाव उरलेलं नाही. तो कुठला म्हणून पाठवायचा?"

"आणि हिचं काय?" मी खाटेकडे बोट केलं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "शिसं अंगातून काढायचं औषध मुंबईहून येतंय. मोठ्यांपेक्षा लहानांना शिसं लवकर बाधतं."

औषध आलं. त्याच संध्याकाळी पोरीला पुन्हा आकडी आली. त्यातून ती उठली नाही.

साहेबांच्या माणसांनी पडवीची माती खरवडून पोत्यांत भरून नेली. कुठे नेली, विचारलं नाही. कंटेनर परत गेला का, तेही कुणी सांगितलं नाही. त्या चुलीपाशी मुलगा, सून आणि मी, सगळेच बसत होतो. आम्ही तिघं वाचलो.