वाघाच्या नावाचे दगड

पोलीस खात्यातून मी सुटलो, पण रामटेकच्या मागच्या टेकड्यांतली ती खिंड माझ्या डोक्यातून सुटली नाही. हल्ली नागपूरची कॉलेजातली मुलं सुटी लागली की तिकडे पायी भटकायला जातात. नगरधनचा जुना किल्ला बघायचा, तिथून रामटेक गाठायचं, तलावाच्या काठाकाठाने पुढे टेकड्या चढायच्या आणि परत आल्यावर महिनाभर त्याच गप्पा. वाट सुरेख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोबत चला म्हणून कुणी आग्रह केला की मी गुडघ्यांचं निमित्त पुढे करतो. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

तेव्हा मध्य प्रांतावर इंग्रजांचा अंमल होता आणि मी रामटेकच्या ठाण्यावर ठाणेदार म्हणून नुकताच बदलून आलो होतो. टेकड्यांपलीकडच्या बाजारगावांना सडक होती, पण ती मोठा वळसा घेऊन जायची. त्यामुळे डोक्यावर माल घेऊन हिंडणारे सगळे पायवाटेनेच जात.

दसऱ्यानंतर एके सकाळी एक तरुण बाई ठाण्यात आली. हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. हवालदार तिला ओळखत होता. तिचा नवरा आणि धाकटा दीर, दोघेही बांगड्या विकायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोघे बाजाराहून खिंडीच्या वाटेने परत येत होते. दीर एकटाच धावत गावात आला. भावाला वाघाने ओढून नेलं म्हणाला. लोक डफडी वाजवत वर गेले. त्यांना वाटेवर रक्त, फाटलेलं पागोटं आणि फुटक्या बांगड्यांचा सडा दिसला; प्रेत मिळालं नाही. माझ्या आधीच्या ठाणेदारांनी मर्ग, म्हणजे अपघाती मृत्यूची नोंद, दाखल करून प्रकरण मिटवलं होतं. आता दिवाळीनंतर तिचा त्याच दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा होता. त्यांच्या समाजात तशी रीत होती आणि सासूचाही तोच हट्ट होता.

"पाट लावून घ्यायचा नाही म्हणून आली असंल साहेब," हवालदार माझ्या कानाशी लागला. "बायकांच्या भानगडी."

मी त्याला चहा सांगायला पाठवलं आणि बाईला म्हणालो, "बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "माह्या दिराले त्या खिंडीचं भेव नाही लागत जी."

"मग?"

"लागाले पायजे ना."

या दोन वाक्यांवर खुनाचा तपास उघडावा लागेल असं मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण त्या भागातली रीत माहीत असलेल्या माणसाला हसू येणार नाही. वाघाने जिथे माणूस मारला, तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून पुढे जातो. ढीग वाढत राहतो आणि त्यातला एक दगडही कुणी उचलत नाही. दुसरी समजूत याहून कडक. मेलेल्याचा जीव वाघाच्या मानेवर बसतो आणि आपल्याच घरच्या माणसांना हाक मारून वाघाच्या तोंडी देतो. म्हणून त्या जागेवर भुमका, म्हणजे तिथला पुजारी, येऊन विधी करत नाही तोवर घरचं माणूस त्या वाटेला फिरकत नाही. सडकेने दुप्पट चालेल, बाजार बुडवेल, पण जाणार नाही.

"विधी झाला नाही?" मी विचारलं.

"नाही जी. दर वेळी पुढं ढकलून राहिला. अन् सोता मात्र एकटाच त्या वाटेनं जाते अन् येते. लोक म्हणतात, मोठा छातीचा आहे. मी रातभर इचार करते, याले भाऊ हाक मारंन असं काहून वाटत नाही?"

मी भुमक्याकडे शिपाई पाठवला. विधीसाठी कुणी आपल्याकडे आलंच नाही, असं त्याने सांगितलं. दुसरा शिपाई साध्या कपड्यांत बाजारकरूंबरोबर पाठवला. त्याने बाईचं म्हणणं खरं असल्याची खबर आणली. दीर खिंडीतून एकटा गेला, एकटाच परतला, ढिगावर दगडही ठेवला.

मग मी दिराला बोलावून घेतलं. अंगाने मजबूत, बोलायला गोड. मारहाण करून बोलतं करण्यावर माझा कधी विश्वास नव्हता. मार खाणारा माणूस आपल्याला हवं ते सांगतो, खरं सांगत नाही. मी त्याला पाणी दिलं आणि समोर बसवलं.

"बाजारातून कोणत्या वाटेनं आला गा?"

"खिंडीतून जी."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"भावाचा विधी?"

"होऊन जाईल जी. भुमका म्हणते, थंडी पडू द्या."

खोटं बोलताना त्याची पापणीही हलली नाही. मी विचारलं, "मग त्या वाटेचं भेव वाटत नाही तुला?"

"भेऊन कसं जमन साहेब? पोट आहे ना."

उत्तर चोख होतं. शेजारी उभ्या हवालदाराने मानही डोलावली. मी म्हणालो, "बरं. उद्या आपण ते दगड काढून बघू. तूही चल सोबत."

त्याच्या हातातला पेला खाली आला. "दगड नोका काढू जी. भाऊ कोपंन."

इतके दिवस तो भावाला भ्याला नव्हता. आता एकदम भ्याला. त्याला मी त्या दिवशी घरी जाऊ दिलं नाही.

सकाळी आम्ही वर गेलो. ढीग वाटेच्या कडेला, एका घळीत होता. माणसाच्या छातीएवढा उंच झाला होता. पंच म्हणून आणलेली मंडळी मागे सरकली. शिपायांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. नोकरी जाईल म्हणून दम भरला तरी कुणी हलेना. मी स्वतःच पुढे होणार, तेवढ्यात ती बाई पदर खोचून ढिगापाशी गेली.

"बाई, तुम्ही घरच्या आहात," एक म्हातारा पंच कळवळून म्हणाला. "थो तुमाले हाक मारंन."

"मारू द्या," ती म्हणाली. "मारली तं जाईन."

तिने पहिला दगड उचलला. मग शिपाई लाजले आणि कामाला लागले. वरचे दगड वाटसरूंचे, हातात मावतील एवढे. खालचे मात्र मोठाले होते. ते कुणी एकाने नेट लावून रचलेले होते. त्यांच्याखाली तो होता. हाडंच उरली होती. कमरेच्या करगोट्यातला ताईत बाईने ओळखला. कवटीवर कुऱ्हाडीचा सरळ घाव होता. वाघ मारलेल्या माणसावर दगड रचत नाही. साऱ्या पावसाळाभर त्या वाटेची भली माणसं हात जोडून एका खुनावर दगड ठेवत गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

दीर खाली बसला आणि बोलू लागला. त्याचं मन वहिनीवर गेलं होतं. भावाला कळलं. भावाने त्याला भर बाजारात जोड्याने मारलं आणि त्याच संध्याकाळी त्याने परतीच्या वाटेवर कुऱ्हाड चालवली. प्रेत घळीत ओढून त्यावर दगड रचले, वर पाला टाकला आणि पुढे भावाच्या नावाचा पहिला दगडही त्यानेच तिथे ठेवला. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून तो मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवला. पुढे त्याला फाशी झाली.

आमच्या खात्यात आरोपीच्या चेहऱ्यावर भीती शोधायला शिकवतात. या प्रकरणापासून मी उलटंही बघू लागलो. जिथे कुणीही भ्यायला हवं, तिथे कोण भीत नाही? या एका सवयीने मला पुढे पुष्कळ दिलं. पण त्या घरातल्या दोन बायकांना त्या तपासाने काय मिळालं, हे मला आजही सांगता येत नाही.

दिराला कोठडीत टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासू ठाण्याच्या पायरीशी आली. तिच्यामागे सून होती, हातात फडक्यात बांधलेली भाकर. म्हातारीने कोठडीकडे बोट केलं. 

"भाकर कुणी केली?" मी विचारलं.

"मीनं," सून म्हणाली.

मला राग आला. कुणाचा, ते कळलं नाही. "त्याच्यासाठी? तुम्ही?"

"सासूचे हात थरथरून राहिले जी. तिले थापता येत नाही. तिचं पोरगं कालपासून उपाशी आहे."

बाहेरचं अन्न कोठडीत देण्याआधी आणणाऱ्याने त्यातला घास आमच्यासमोर खाऊन दाखवायचा, असा आमच्याकडे नियम होता. तो मला तिला सांगावा लागला.  तिने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, माझ्यासमोर सावकाश चावून गिळला आणि उरलेली भाकर सासूच्या हातात दिली.