पेटीत उगवलेली पऱ्हाटी

मी शाळामास्तरीण. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण दुसऱ्याला शिकवायची खोड काही गेली नाही. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांची सोड्याची पेटी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा ज्याला त्यातलं सगळं कळत होतं त्यालाच मी एका शब्दाने विचारलं नाही. तो माणूस माझ्यापासून चार हातांवर बाजेवर बसलेला होता.

डोणगावच्या बसस्टँडजवळ मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सोड्याचं दुकान होतं. गोळीसोडा ते घरामागच्या पडवीत स्वतः भरायचे आणि दुकानातल्या या पेटीत थंड करायचे. पेटी कमरेएवढी उंच आणि शाळेतल्या बाकाएवढी लांब. बाहेरून लाल पत्रा, आतून जस्ताचा, आणि दोन्हींच्या मधे चार बोटं पोकळी. त्या पोकळीत लाकडाचा भुसा भरलेला असे, म्हणून सकाळी टाकलेली बर्फाची लादी दिवेलागणीपर्यंत दम धरायची. गावात घरोघरी फ्रिज आले, दुकान बसलं आणि पेटी गोठ्यात गेली. तिच्यात आम्ही गुरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, ठेवत होतो.

दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. तेव्हापासून मामाजी बोलेनासेच झाले. डोळ्यांना आधीच उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं, आता तोंडही मिटलं. जेवलात का म्हटलं की ‘हाव’, पाणी देऊ का म्हटलं की ‘नाही’. दिवसभराचा ऐवज एवढाच. आणि अशात चैत्रातल्या एका दुपारी ते आपणहून म्हणाले, ‘बाई, आखाजीले पेटी चालू होईन का?’

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर लहान मडकं आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ऐन वैशाखात आपल्या माणसाला तहान लागत असेल, एवढा साधा विचार त्यामागे.

‘तुह्या सासूची पहिली घागर हाय,’ मामाजी म्हणाले. ‘तिले पेटीतला सोडा ठेवा लागते.’

आमचे हे तिथेच वखराची दोरी वळत बसले होते. म्हणाले, ‘फ्रिज हाय ना बाबा घरात. त्याच्यात ठेवू एक बाटली.’

‘फ्रिजमधलं थंड तिनं पेलं,’ मामाजी म्हणाले. ‘पेटीतली बाटली तिले कधीच भेटली नाही.’

मग ते इतकं बोलले, की मी हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं. चाळीस वर्षं बाटल्या धुतल्या त्या सासूबाईंनी. भरताना एखाद्या बाटलीची गोळी नीट बसत नसे, वायू निघून जाई, ती बाटली विकायच्या कामाची नसे. ती सासूबाईंची. कोमट आणि फुळूक. पेटीतल्या गार बाटल्या गिऱ्हाइकांच्या. ‘देऊ देऊ म्हनत राह्यलो,’ ते म्हणाले. ‘उन्हाळ्यात गिऱ्हाईक सरे नाही, अन् गिऱ्हाईक सरलं का तवर बर्फ सरे.’

खरं सांगते, मला आधी रागच आला. चाळीस उन्हाळ्यांत एक बाटली काढून ठेवता आली नाही या माणसाला! पण ते मान खाली घालून बाजेचा सुंभ चाचपत होते, आणि असल्या माणसावर किती वेळ रागावणार? म्हटलं, ‘होईन चालू, मामाजी. माह्याकडे लागलं.’ आखाजीला तीन आठवडे होते.

पेटी अंगणात ओढून आणली. ढेपेच्या वासाने उंदरांनी तीन पिढ्या तिथे नांदवल्या होत्या. बाहेरचा पत्रा उघडला तर भुश्याचा काळा चिखल झालेला. तो सगळा खरवडून उकिरड्यावर टाकला. आतला जस्ताचा पत्रा सात ठिकाणी फुटला होता. गावात धान्याच्या कोठ्या बनवणारे एक चाचा आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी भट्टी पेटवून एकेका भोकाला डाग दिला, पाणी ओतून दाखवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, माह्या डागातून एक थेंब गेला तर मले सांगजा.’ मी गंज घासला, लाल रंगाचे दोन हात दिले. पेटी नव्या नवरीसारखी दिसायला लागली आणि माझा भाव वधारला.

‘भुसा आनला का?’ मामाजींनी विचारलं.

‘त्याची काळजी तुम्ही करू नका,’ मी म्हणाले.

कारण माझ्या डोक्यात भुश्यापेक्षा भारी कल्पना होती. मागच्या खोलीत छताला टेकेल एवढा आमच्या शेतातला कापूस पडला होता. दुलई थंडीला आत येऊ देत नाही, मग ती उन्हाला तरी का येऊ देईल? हा प्रश्न मी चौथीच्या वर्गाला घातला असता तर मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. वेचून आणलेला तसाच कापूस, सरकीसकट, मी पेटीच्या चारी भिंतींत कोंबला. मुठीने ठोसून ठोसून भरला. वऱ्हाडातल्या माणसाला कशाचंही उत्तर कापसात दिसतं, आणि मी तर कापसावरच वाढलेली.

दुसऱ्या दिवशी लादी टाकली. बारा वाजता झाकण उघडलं तर आत नुसतं पाणी, त्यात बाटल्या डुंबत होत्या. पाणी सोडून दिलं, पेटीवर गोणपाट टाकलं आणि रुसल्यासारखी माहेरी, उंद्रीला, भाचीच्या लग्नाला निघून गेले. तिथे आठ दिवस मोडले.

परत आले तेव्हा मामाजी पेटीजवळ उकिडवे बसले होते. पेटीच्या बुडाशी, जिथे दोन पत्रे जुळतात त्या फटीवरून त्यांची बोटं फिरत होती. जवळ गेले तर त्या फटीतून पिवळट, नाजूक कोंब बाहेर आलेले. एक नव्हे, ओळीने. दोन-दोन पानांचे. मामाजींनी एक कोंब उपटला, नाकाला लावला, पान अंगठ्याने चोळून पाहिलं.

‘अवं बाई,’ ते म्हणाले, ‘हे तं पऱ्हाटी हाय! पेटीत कापूस पेरला काय तू?’

आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग बिनदाताचं तोंड उघडून ते इतके हसले की मला त्यांना धरून बाजेवर बसवावं लागलं. दिवाळीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकत होते. माझी फजिती झाली होती, नाक कापलं गेलं होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी तिथेच जमिनीवर बसून त्यांच्याबरोबर हसत सुटले. आमच्या ह्यांनी शेतातून आल्यावर पेटीकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘तण काढाले डवरा कधी टाकायचा हिच्यात?’

हसू ओसरल्यावर मामाजी म्हणाले, ‘मले काऊन नाही विचारलं?’

दिसत नाही त्याला काय विचारायचं, असं मी धरून चालले होते. तसंच्या तसं सांगून टाकलं. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी धोतराचा सोगा खोचला.

आखाजीला पाच दिवस उरले होते. मी ओला कापूस उपसून काढला, आणि त्यात पाणी कुठून झिरपलं ते त्यांनी बोटाने शोधलं. चाचांचे डाग शाबूत होते, चूक माझीच होती. वितळलेलं पाणी बाहेर सोडणारी नळी मी कोरडीच बसवली होती. मामाजींनी सुतळीला मेण चोळलं आणि नळीच्या गळ्याशी सात वेढे दिले. ‘भुसा सागाचाच आनजो,’ त्यांनी बजावलं, ‘अन् तीन दिस उन्हात घालजो. वला भुसा म्हनजे बर्फाचा वैरी.’ मी आरागिरणीतून दोन पोती आणली. भुसा वाळेपर्यंत त्यांनी माझ्याकडून दोन्ही पत्र्यांमधल्या लाकडी चौकटीला आतून डांबर लावून घेतलं. मग भरणं सुरू झालं. मी मुठी टाकायच्या, त्यांनी थापीने बसवायचं, आणि दर वीतभर थरानंतर बाहेरच्या पत्र्यावर बोटाची गाठ वाजवून कान लावायचा. ‘वाजलं तं पोकळ हाय. मुकं पाह्यजे.’ एक कोपरा त्यांनी मला तीनदा उपसायला लावला. तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, पण माझं काम असं कोणी तपासलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन मी वेळेच्या आधी अंगणात हजर असायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटेच लादी टाकली. सूर्य कलल्यावर मामाजींनी झाकण उघडून आत हात घातला, कोपरापर्यंत. तो बराच वेळ तसाच ठेवला. ‘हाय,’ ते म्हणाले. आत विटेएवढा बर्फ शिल्लक होता.

आखाजीला सकाळी घागर भरली. चिखलीहून आणलेल्या गोळीसोड्याच्या बारा बाटल्या नव्या लादीभोवती रचल्या. पुरणपोळीचा नैवेद्य झाला. मामाजींनी पेटीतून पहिली बाटली काढली, अंगठ्याने गोळी आत ढकलली, फस्सकन आवाज झाला, आणि त्यांनी ती चाचपत चाचपत घागरीशेजारी ठेवली. बाटलीच्या अंगावर पाणी सुटलं होतं, ते ओघळून पाटाखाली गेलं.

मग त्यांनी दुसरी बाटली काढली, फोडली आणि मी जिथे उभी होते तिकडे हात लांब केला. ‘घे.’

‘तुम्ही घ्या आधी, मामाजी,’ मी म्हणाले. ‘यांना द्या. पानं वाढायची आहेत अजून, मी मागून घेते.’

त्यांचा हात तसाच राहिला. ‘तुही सासूही असंच म्हने,’ ते म्हणाले. ‘मी मांगून पेईन. मांगून मांगून करत ते गेली. आता मले तुही घागर भरा नको लावू. जितेपनी पे.’

लग्नाला चौतीस वर्षं झाली. या घरात पहिला घास किंवा पहिला घोट मी घेतल्याचं मला आठवत नाही, आणि घ्यावा असंही कधी मनात आलं नव्हतं. मी बाटली घेतली. सोडा इतका गार होता की दात शिवशिवले. आमचे हे पानावर बसून वाट पाहत होते, नैवेद्याची पुरणपोळी निवत होती. मी शेवटचा घोट घेईपर्यंत मामाजी पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिले आणि त्यांनी तिसरी बाटली कोणाला काढू दिली नाही.