शून्याचा रकाना

अक्षरं मी पत्रकांवरूनच शिकले. बाबा रेल्वेत, युनियनचे; घरात संपाच्या आणि जयंतीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यामुळे पाण्यातून होणाऱ्या परजीवी आजारांची तपासणी आणि नोंद कशी होते हे विचारायला एका संस्थेनं मला आमच्याच रायपूरच्या आरोग्य केंद्रांत पाठवलं, तेव्हा प्रश्नावलीसोबत राग घेऊनच निघाले.

एका केंद्राच्या आठवडी अहवालांत अमिबा, जिआर्डिया, सगळ्यांपुढे शून्य. दर आठवड्याला शून्य. आणि त्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नळाला गटाराचा वास, घरोघरी जुलाब. खाली सही एकाच बाईची, कंत्राटी लॅब टेक्निशियनची. मी एकटाकी पत्रक लिहिलं : ‘शून्य लिहिणारे हात’. नाव टाकलं नाही, पण केंद्रात टेक्निशियन एकच. तिची नोकरी जाणार हे मला कळत होतं. जावी, असंच वाटत होतं. मजकूर ब्राह्मणपाऱ्यातल्या छापखान्यात देऊन आले.

घरी बाबांनी कच्चा कागद वाचला.

“तिले इचारलं काय?”

“सही आहे न तिची!”

“एकदा आम्ही एका स्टेशन मास्तरवर असंच छापलं होतं. मंग समजलं, आतल्या खबरा आम्हाले तोच देऊन राहिला होता. जाय, इचारून ये, पोट्टे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फणफणत केंद्रात गेले. टेक्निशियन घरची मराठी, पण बोलली हिंदीत.

“जांच कहाँ से करूँ, मैडम? स्लाइड के लिए आयोडीन महीनों से नहीं आया. माइक्रोस्कोप के लेंस पे फंगस है.”

“मग शून्य काहून लिहिता, ताई?”

“खाली छोड़ो तो फॉर्म वापस आता है.” तिनं माझ्याच हातातली प्रश्नावली उलटी करून माझ्यापुढे धरली. “आपने भी तो यही पूछा है.”

‘किती रुग्ण आढळले?’ रकाना एकच. तपासणी झाली का, हे मीही कुठेच विचारलं नव्हतं.

मग तिनं एक वही काढली. दर आठवड्याची तारीख, पुढे ‘जांच नहीं हुई’. वहीच्या शेवटी, आयोडीन आणि लेन्स मागत वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, प्रत्येकीवर पोहोचल्याचा शिक्का.

छापखान्याचा फोन कोणी उचलेना. स्कूटी कशी हाकली ते आठवत नाही. मालक डबा उघडून बसले होते.

“भैया, वो पर्चा... छप गया?”

“कैसे छपेगा? प्रूफ पे साइन किए बिना भाग गईं आप. बिना साइन के मैं अपने बाप का नहीं छापता.”

मी कागदाच्या रिमवर मटकन बसले. हसू येत होतं की रडू, कोण जाणे. प्रूफ फाडलं. माझ्या प्रश्नावलीत एक रकाना वाढवायचा होता, आणि नवं पत्रक लिहायचं होतं, त्या शिक्क्यांबद्दल. पण आधी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी दोन ग्लास घटाघटा प्यायले. कुठलं पाणी, ते विचारलंच नाही.