फर्नांडिस बाईंची घंटा

कचेरीतून फोन आला की मी आधी चादरी बदलायला सांगायचो. तपासणीची कुणकुण द्यायला तिथे एक ओळखीचा कारकून होता. त्या दिवशी त्याचा नंबर दिसताच मी उशीचा अभ्रा काढायला घेतला आणि विचारलं, "काय, बाई निघाल्या वाटतं?" पलीकडून तो म्हणाला, "बाई पहाटे वारल्या. झोपेतच." अभ्रा माझ्या हातात तसाच राहिला. त्याला आता दीड महिना झाला.

देवगडच्या खाडीजवळ आमचं प्रौढ दिव्यांगांचं निवासी केंद्र आहे. चौदा जण राहतात, मी व्यवस्थापक. फर्नांडिस बाई तपासणी अधिकारी. पहिल्यांदा आल्या त्या कुणालाही न कळवता, एसटीने, भर दुपारी. कोकणात त्या वेळी यमालाही अंगणात थांबावं लागतं. आम्ही कर्मचारी चौदा जणांच्या मोठ्या खोलीला बाहेरून कडी घालून आडवे झालो होतो. कडी दिनूसाठी होती. चाळिशीचा दिनू, बोलणं मोजकं, पाण्याची ओढ भारी. डोळा चुकला की खाडीची वाट धरायचा.

बाईंनी कडी पाहिली. शेजारचं स्वयंपाकघर पाहिलं, चुलीमागचा सुक्या झावळांचा ढीगही पाहिला. मग खोलीत शिरल्या आणि मला म्हणाल्या, "आता भायरसून कडी लावा, नि जावन निजा." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी कडी लावली. आतून आवाज आला, "झावळां पेटली असा समजा. हे चवदा जण नि मी, आमी खंयसून भायर येवचा?"

"पण दिनू खाडीत गेलो तर, बाई?" दार उघडून मी कसंबसं विचारलं. रागावल्या की त्या कागदावरच्या मराठीत बोलत. "त्याचा विचार करू. कडी मात्र आजच निघाली पाहिजे." अहवालात त्यांनी एक शब्द गाळला नाही. मला भयंकर राग आला होता. एसटीतून उतरून शहाणपण शिकवायला काय जातं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या सावंतवाडीहून पुन्हा आल्या. पिशवीत आईच्या गोठ्यातली पितळी घंटा. गाय विकली गेली होती, घंटा उरली होती. त्यांनी ती स्वतः दाराला बांधली. दार हललं की वाजणार, आणि वाजली की कोणीतरी उठायचं. "खाडी बघूक जाता तो. तेच्या वांगडा सोबतीक जावा, काय बिघाडता?"

बिघडत होती ती माझी झोप. चौथ्या दुपारी मी घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळली. त्याच दुपारी दिनू गेला. सापडला तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभा होता, आणि भरती चढत होती. मी त्याला ओढून बाहेर काढलं.

हे कुणालाच कळलं नव्हतं. पुढच्या तपासणीला मी आपण होऊन बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चिंधी खंय आसा?" तेव्हापासून ती माझ्या खिशातच होती; काढून दिली. त्यांनी तेही अहवालात लिहिलं, माझ्या नावासकट. मग दिनूचा हात धरून खाडीवर गेल्या. पुढे दर खेपेला हे ठरलेलंच, कागद संपले की खाडी. अशा माणसावर रागावून राहता येत नाही. मी त्यांचे आभार मात्र कधी मानले नाहीत, आणि ते आता फार लागतं.

बाई गेल्याचं मी दिनूला सांगितलं. त्याला कितपत कळलं, ठाऊक नाही. काल दुपारी माझा डोळा लागत होता, तोच घंटा वाजली. दिनू चपला घालून दारात उभा.

"बाय इली?"

"नाय रे. बाय आता येवची नाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दार पुन्हा हलवलं. थांबला, वाटेकडे बघितलं, पुन्हा हलवलं. घंटा वाजली की कोणीतरी येतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो बाईंसाठी वाजवत होता. मी उठलो, चपला शोधल्या आणि म्हटलं, "चल, खाडी बघून येवया."